खाते कोणाच्या घरात?



'खाते' हा शब्द आपण मराठीत दोन अर्थांनी वापरतो. टपाल खाते, महसूल खाते, पाटबंधारे खाते असे म्हटले की सरकारने कायमचे अंगावर घेतलेले एखादे काम डोळ्यांपुढे उभे राहते. त्याला कचेरी असते, नोकरवर्ग असतो, अंदाजपत्रकात तरतूद असते. दुसरे खाते वाण्याकडचे. तिथे नाव आपले, पण वही वाण्याची. गेल्या वीस वर्षांत जगभरची सरकारे, विद्यापीठे आणि नभोवाणी केंद्रे यांनी लोकांशी बोलण्यासाठी ट्विटर, फेसबुक वगैरे समाजमाध्यमांवर जी खाती उघडली, ती सगळी या दुसऱ्या जातीची. वही कंपनीची, नाव संस्थेचे. ही वही आपल्या घरी आणण्याची खटपट काही मंडळींनी केली, तिला काही संस्थांनी हात दिला आणि काहींनी मध्येच हात काढून घेतला. हा सगळा इतिहास फार जुना नाही. पण त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून आज तो आपल्यापुढे ठेवतो.

दुसऱ्याच्या वहीत नाव असले तर बिघडते कुठे, असे कोणी विचारील. २०२३ सालच्या तीनच गोष्टी सांगतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर ही कंपनी एलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला विकत घेतली. पुढल्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील नॅशनल पब्लिक रेडिओ या संस्थेच्या खात्यावर 'सरकारशी संलग्न' असा शिक्का मारण्यात आला. संस्थेला तो मान्य नव्हता. तिने त्या माध्यमावर लिहिणेच सोडले. त्याच महिन्यात न्यूयॉर्क शहराच्या वाहतूक प्राधिकरणाने गाड्यांच्या विलंबाच्या सूचना ट्विटरवर देणे थांबवले, कारण आपोआप सूचना धाडण्याची आजवर फुकट असलेली सोय बंद करून तिचे पैसे मागण्यात येऊ लागले होते. सार्वजनिक सेवांना कंपनीने ती सोय पुन्हा मोकळी करून दिली तेव्हा सूचना परत सुरू झाल्या. आणि जूनच्या अखेरीस तर असे झाले की ज्याचे ट्विटरवर खाते नाही त्याला तिथले काही वाचताच येईना. एखाद्या शहराच्या हवामानाची किंवा पुराची सूचना तिथे लावलेली असेल, तर ती वाचण्यासाठी नागरिकाने आधी एका खाजगी दुकानाचे गिऱ्हाईक व्हायचे, असा त्याचा अर्थ झाला. यात मालक चांगला की वाईट हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. चावडीवर नोटीस लावायला कोणाची परवानगी लागते, हा खरा प्रश्न.

आता थोडे मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परदेशी पत्र पाठवणे हे मोठे कटकटीचे काम होते. प्रत्येक देशाचा दुसऱ्या प्रत्येक देशाशी वेगळा करार, वेगळा दर. वाटेत जितके देश लागतील तितका हिशेब वाढायचा. १८६३ साली पॅरिसला पंधरा देशांचे प्रतिनिधी यासाठी जमले. पुढे जर्मन टपाल खात्याचे प्रमुख हाइनरिख फॉन श्टेफान यांच्या पुढाकाराने स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी परिषद भरली आणि ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बावीस देशांनी एका करारावर सह्या केल्या. हीच पुढे जागतिक टपाल संघटना झाली. ब्रिटिश अमलाखालचा हिंदुस्थान १८७६ मध्ये तिच्यात सामील झाला.

या कराराने काय केले? सगळ्या जगाचे एकच टपाल खाते काढले नाही. प्रत्येक देशाचे खाते त्याचेच राहिले. तिकिटे त्याची, पोस्टमन त्याचा, आणि आपल्या तिकिटांचे पैसेही ज्याने त्याने आपल्याकडेच ठेवायचे. ठरले ते इतकेच, की एकाच्या पत्राला दुसऱ्याने आपले पत्र मानून घरपोच करायचे. पुण्याच्या पेटीत टाकलेले पत्र लंडनचा पोस्टमन वाटतो, तो आपला नोकर नसतो; पण रिवाज ठरलेला असतो. अशा ठरलेल्या रिवाजाला संगणकाच्या जगात 'प्रोटोकॉल' म्हणतात. आपल्या सरकारी कचेऱ्यांत प्रोटोकॉल म्हणजे राजशिष्टाचार. कोणाला कसे सामोरे जावे याचे नियम. संगणकांचेही तसेच. दोन अनोळखी यंत्रांनी एकमेकांना नमस्कार कसा करावा, निरोप कसा द्यावा, पोच कशी घ्यावी, याची ती लेखी शिस्त.

संगणकांच्या जगातले पहिले मोठे टपाल म्हणजे ई-मेल. १९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरील माणसाला निरोप धाडला आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ते आता सर्वांना परिचित झालेले @ हे चिन्ह घातले. पुढे १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी या टपालाची नियमावली लिहून प्रसिद्ध केली. ती कोणाच्या मालकीची नव्हती. ज्याला हवी त्याने वाचावी, आपल्या यंत्रावर बसवावी आणि टपाल सुरू करावे. आपल्या देशात हे काम संस्थांनीच केले, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने 'एर्नेट' हे शिक्षण व संशोधन संस्थांचे जाळे हाती घेतले. त्यात मुंबईची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती, पवईची आय.आय.टी. होती, बंगलोरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स होती. सुरुवातीला साध्या टेलिफोनच्या तारेवरून नुसती ई-मेल चालायची. मुंबई आणि दिल्ली यांच्यामध्ये स्वतंत्र भाड्याची तार आली ती १९९१ च्या जानेवारीत.

ई-मेल हे बंद पाकीट झाले. चारचौघांत बोलण्याचे काय? तेही जाळे लवकरच निघाले. १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना 'यूजनेट'ची कल्पना सुचली, आणि दुसऱ्या वर्षी ते चालू झाले. एका विद्यापीठाच्या यंत्रावर लिहिलेली टीप शेजारच्या विद्यापीठाचे यंत्र फोनवरून उचलून घ्यायचे, तिथून तिसरे. फलक प्रत्येकाचा आपापला, पण मजकूर सगळ्यांचा. म्हणजे आज ज्याला विकेंद्रित समाजमाध्यम म्हणतात त्याचे मूळ फेसबुकच्या आधी पंचवीस वर्षे सापडते.

मग मध्येच हे बिघडले कसे? उत्तर सरळ आहे. २००४ मध्ये फेसबुक आले, २००६ मध्ये ट्विटर आले, आणि त्यांनी माणसाची सोय केली. यंत्र बसवायला नको, नियमावली वाचायला नको; नाव घाला आणि बोला. मित्रही तिथेच भेटत. पण या वाड्यांना एकच दरवाजा होता. फेसबुकवरच्या माणसाला ट्विटरवरच्या माणसाचे ऐकायचे असेल तर दोन्ही वाड्यांत बिऱ्हाड करायला हवे. टपालाच्या भाषेत बोलायचे तर आपण १८७४ च्या मागे गेलो.

ही भिंत पाडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न कॅनडात माँट्रियल येथे इव्हान प्रोड्रोमू यांनी २००८ मध्ये केला. 'आयडेंटिका' नावाचे त्यांचे माध्यम ट्विटरसारखेच होते; पण त्याची आज्ञावली खुली होती, आणि कोणीही तशीच पेढी आपल्या गावी उघडून मूळ पेढीशी जोडू शकत असे. २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांनी 'डायस्पोरा' या योजनेसाठी लोकांकडे दहा हजार डॉलरची वर्गणी मागितली, तर दोन लाखांवर जमली. लोकांना असे काही हवे आहे, हे त्या आकड्यावरून दिसले. पण वर्गणी जमली म्हणून संस्था उभी राहतेच असे नाही, हेही आपल्याकडच्या सार्वजनिक मंडळांना चांगले ठाऊक आहे. डायस्पोरा थोड्या हौशी मंडळींपुरते राहिले.

याच काळात एक धडा मिळाला, तो मोठा आहे. झटपट निरोपांसाठी 'जॅबर' नावाचा एक खुला रिवाज १९९९ पासून चालू होता. २००५ मध्ये गूगल कंपनीने आपली निरोपसेवा त्याच रिवाजावर उभी केली आणि २००६ च्या आरंभी बाहेरच्या पेढ्यांसाठी दार उघडले. खुल्या रिवाजाला केवढा मोठा सोबती मिळाला! पण मे २०१३ मध्ये गूगलने नवी सेवा जाहीर केली, आणि तिच्यात हे दार ठेवलेच नाही. जॅबर मेले नाही. पण ज्याचे बहुतेक स्नेही गूगलच्या वाड्यात राहत होते त्याला बाहेरून हाक मारण्याची सोय उरली नाही. खुल्या रिवाजात मोठा भिडू येणे जितके फायद्याचे, तितकेच त्याचे निघून जाणे धोक्याचे, हे यावरून कळले.

यानंतर जगभरातील वेब-व्यवहाराचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने २०१४ मध्ये एक मंडळ नेमले. त्या मंडळाच्या चर्चेतून 'अॅक्टिव्हिटीपब' हा प्रोटोकॉल तयार झाला, आणि २३ जानेवारी २०१८ रोजी त्याला अधिकृत शिफारशीचा दर्जा मिळाला. त्याच्या कर्त्यांत क्रिस्टीन लेमर-वेबर यांच्याबरोबर पूर्वीचे इव्हान प्रोड्रोमूही होते. नाव अवघड वाटले तरी कल्पना आपल्या कोणत्याही कारकुनाला एका मिनिटात समजेल. प्रत्येक खातेदाराला एक आवक पेटी आणि एक जावक पेटी. मी लिहिले की ते माझ्या जावक पेटीत जाते. माझा सर्व्हर म्हणजे माझी पेढी, जे कोणी माझे लेखन मागवतात त्यांच्या पेढ्यांना त्याची प्रत धाडते, आणि ती त्यांच्या आवक पेटीत पडते. बस्स! आपल्या कचेऱ्यांत आवक-जावक बारनिशी वर्षानुवर्षे हेच करीत आली आहे. पत्ताही ई-मेलसारखाच: आधी माणसाचे नाव, मग पेढीचे नाव.

जर्मनीतील ऑयगेन रोख्को या तरुणाने २०१६ मध्ये 'मॅस्टोडॉन' ही आज्ञावली प्रसिद्ध केली होती. तिने २०१७ मध्ये हा नवा रिवाज उचलला आणि तोच लोकप्रिय झाला. आपल्याकडे त्याचे नाव गाजले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आले, तेव्हा निषेध म्हणून अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर बिऱ्हाड हलवले. परंतु बरीच मंडळी पुढे जुन्याच जागी लिहू लागली. माणसे एकेकटी हलली, संस्था हलल्या नाहीत. आणि जिथे वर्तमानपत्रे, विद्यापीठे, सरकारी कचेऱ्या नाहीत तिथे वाचायला तरी काय मिळणार? २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलली तेव्हाही असाच लोंढा आला. ऑक्टोबर ते नोव्हेंबर या काळात मॅस्टोडॉन वापरणारांची मासिक संख्या तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेली, आणि पुढे पुष्कळशी ओसरली.

संस्थांनी मात्र या वेळी थोडे निराळे वळण घेतले. यात जर्मनी पुढे होता. तिथल्या केंद्रीय विदा-संरक्षण आयुक्तांनी २०२० मध्येच सरकारी कचेऱ्यांसाठी सरकारच्या अधिकृत पत्त्यावर मॅस्टोडॉनची पेढी उघडली होती. याला कायद्याचे कारण होते. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये असा निर्णय दिला होता की फेसबुकवर पान चालवणारी संस्था ही, त्या पानावर येणाऱ्या लोकांची जी माहिती गोळा होते तिच्याबद्दल, कंपनीबरोबर जबाबदार आहे. म्हणजे वही वाण्याची असली तरी जाब आपल्यालाही द्यावा लागणार. एप्रिल २०२२ मध्ये युरोपीय विदा-संरक्षण पर्यवेक्षकांनी 'ईयू व्हॉइस' ही पेढी युरोपीय संस्थांसाठी सुरू केली. जुलै २०२३ मध्ये नेदरलंड्स सरकारने आपली पेढी काढली. त्याच सुमारास बी.बी.सी.ने स्वतःच्या नावाची पेढी उघडून तीवर रेडिओ फोर वगैरेंची खाती ठेवली. सुरुवातीला सहा महिन्यांचा प्रयोग म्हणून.

स्वतःची पेढी असण्याचा फायदा काय, हे नीट समजून घ्यायला हवे. पहिला फायदा ओळखीचा. सरकारच्या अधिकृत पत्त्यावरच्या पेढीतून निरोप आला तर तो सरकारचाच, कारण त्या पत्त्यावर दुसऱ्या कोणाला पाटी लावता येत नाही. शिक्कामोर्तबासाठी कंपनीच्या दारी जायला नको. दुसरा फायदा असा की तो वाचायला वाचकाने त्याच पेढीत खाते उघडावे लागत नाही. आणि तिसरा, मालक बदलला, दर बदलला, मर्जी बदलली, तरी पाटी जागची हलत नाही.

आता दुसरी बाजू. सप्टेंबर २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या संघराज्य कार्यालयाने वर्षभराच्या मुदतीने पेढी सुरू केली. वर्ष संपताच, सप्टेंबर २०२४ मध्ये, ती बंद झाली. सहा खाती होती आणि सगळी मिळून वाचक सुमारे साडेतीन हजार. इतक्यासाठी खटाटोप परवडत नाही, असे ठरले. ईयू व्हॉइस त्याच वर्षीच्या मे महिन्यात मिटले. कारण असे सांगण्यात आले की प्रयोग संपला, आणि पुढे तो सांभाळायला दुसरी कोणतीही युरोपीय संस्था मिळाली नाही. (युरोपीय आयोगाने मात्र आपली स्वतंत्र पेढी थाटली.) इतिहासाच्या माणसाचे लक्ष एका योगायोगाकडे गेल्याशिवाय राहत नाही. ज्या बर्न शहरात १८७४ मध्ये टपालाचा करार झाला, त्याच शहरातल्या सरकारने बरोबर दीडशे वर्षांनी हे नवे टपालघर बंद केले.

स्विस अधिकाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांची अडचण खरी होती. पेढी चालवायची म्हणजे यंत्राची निगा आली, रात्री-बेरात्री बिघाड आला, शिवीगाळ करणाऱ्याला आवरणारा माणूस आला, जुन्या मजकुराचे दप्तर आले. कंपनीच्या वाड्यात ही कामे कंपनी करते आणि त्याची किंमत आपल्या माहितीतून वसूल करते, म्हणून ती फुकट वाटतात. शिवाय लोक जिथे आहेत तिथेच सूचना लावली पाहिजे, हेही खरेच. ज्या रस्त्याने कोणी जात नाही त्या रस्त्यावर नोटीस लावून सरकारची जबाबदारी संपत नाही.

पण यावर उत्तर आहे. दोन्हीकडे लावा. मूळ प्रत आपल्या दारावर, नक्कल बाजारात. आज बहुतेक संस्था याच्या उलट करतात. मूळ बाजारात आणि घरी काहीच नाही. आणि दुसरे असे की वाचकांच्या संख्येवरून वर्षभरात निकाल द्यायचा, तर कोणते सार्वजनिक काम टिकेल? दुर्गम गावच्या टपाल कचेरीचा हिशेब असा एका वर्षात मांडला असता, तर कित्येक गावांनी पोस्टमन पाहिलाही नसता.

हा प्रश्न स्वदेशी-परदेशीचा आहे, असा काहींचा समज असतो. तो का चुकीचा, हे आपल्याच देशातल्या एका उदाहरणावरून दिसते. २०२० मध्ये बंगलोर येथे 'कू' हे समाजमाध्यम सुरू झाले. ते भारतीय भाषांना अग्रस्थान देणारे होते. त्यात मराठीही होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकार आणि ट्विटर यांच्यात वाद झाला, तेव्हा केंद्र सरकारच्या काही मंत्रालयांनी आणि मंत्र्यांनी तिथे खाती उघडली. हेतू चांगला होता, भाषेची सोय चांगली होती. पण रचना तीच: एक वाडा, एक दरवाजा, एक वही. जुलै २०२४ मध्ये पैशाअभावी कू बंद झाले, आणि ज्या पत्त्यांवर लोक मंत्रालयांना शोधत होते ते पत्तेच उरले नाहीत. जर ती पेढी खुल्या रिवाजावर उभी असती आणि मंत्रालयांच्या पाट्या त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर असत्या, तर पेढी बुडाली तरी खातेदार आपली पाटी दुसऱ्या पेढीत नेऊ शकले असते. वाणी देशी असो की विलायती. वही त्याचीच असते.

मधल्या काळात मोठे भिडूही या रिवाजाकडे वळले आहेत. फेसबुकची मालक मेटा कंपनी हिने जुलै २०२३ मध्ये 'थ्रेड्स' हे माध्यम काढले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अॅक्टिव्हिटीपबची जोडणी अजमावायला सुरुवात केली. 'ब्लूस्काय' हे माध्यम फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांना खुले झाले. त्याचा रिवाज निराळा आहे, पण तिथेही संस्थेला स्वतःच्या संकेतस्थळाचे नाव हेच आपल्या खात्याचे नाव म्हणून लावता येते. हे स्वागतार्ह आहे. तरीही गूगलचा २०१३ चा दाखला ज्यांना आठवतो ते थोडे सावध आहेत. ओसरी दिली की पाहुणा हातपाय पसरतो, हा अनुभव जुनाच. मात्र यावर उपाय पाहुण्याला हाकलणे हा नव्हे. घरात आपली माणसे पुरेशी असावीत, म्हणजे पाहुणा गेल्याने घर ओस पडत नाही. विद्यापीठे, ग्रंथालये, नगरपालिका, नभोवाणी केंद्रे यांनी आपापली पेढी चालवली, तर एखादी कंपनी दार लावून निघून गेली तरी उरलेल्यांचा व्यवहार चालू राहील. टपालाच्या संघातून एखादा देश बाहेर पडला म्हणून बाकीच्यांची पत्रे थांबत नाहीत.

मला या साऱ्या इतिहासातून एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. प्रोटोकॉल लिहून झाला म्हणजे काम झाले असे नाही. करार कागदावर असतो. त्याला जीव येतो तो रोज सकाळी उठून थैली उचलणाऱ्या माणसामुळे. टपाल टिकले, कारण देशोदेशींच्या सरकारांनी त्याचे खाते केले. पहिल्या अर्थाने खाते. ई-मेल टिकली, कारण विद्यापीठांनी आणि कचेऱ्यांनी ती आपल्या रोजच्या कामात बसवली. या नव्या सार्वजनिक टपालाला मात्र अनेक ठिकाणी 'प्रयोग' या सदरात घालण्यात आले, आणि प्रयोगाची मुदत संपली की तो बंद करायला कोणालाच जड जात नाही. जर्मनीची आणि नेदरलंड्सची उदाहरणे मोठी वाटतात ती एवढ्याचसाठी की तिथे ते कोणाचे तरी नेमून दिलेले काम झाले.

आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठाने किंवा महानगरपालिकेने उद्या हा विचार केला, तर तिला फार मोठी रक्कम लागेल असे नाही. संकेतस्थळ बहुतेकांकडे आहे, पत्ता आहे. हवा आहे तो एक जाणता माणूस, अंदाजपत्रकातली एक ओळ, आणि पाच-दहा वर्षे वाचकसंख्या न मोजता काम चालू ठेवण्याची तयारी. पाणी किती वाजता येणार, परीक्षा कधी, धरणाचे दरवाजे केव्हा उघडणार, या गोष्टी नागरिकाला त्याच्याच नगरपालिकेच्या दारावर, कोणाचेही गिऱ्हाईक न होता वाचता आल्या पाहिजेत. ते दार बांधायचे कसे, हे २०१८ पासून लेखी उपलब्ध आहे. ते उघडे ठेवण्याची नेमणूक कोणाकडे द्यायची, एवढे ठरवायचे बाकी आहे.